कुणाला दाखवायचंय?

आमच्या थोरल्या वन्सं कराडजवळच्या एका गावात राहतात. तीन वर्षांपूर्वी दिवाळीला आमच्याकडे आल्या होत्या. त्यांच्या ब्लाऊजची उजवीकडची शिलाई उसवून पुन्हा घातलेली दिसली, म्हणून मी गमतीनं म्हटलं, ‘‘वन्सं, अंगानं भरलात वाटतं!’’ ‘‘कसली भरतेय! एकाच बाजूला घट्ट होतोय मेला. दुसऱ्यांदा उसवला,’’ त्या म्हणाल्या आणि पदर ओढून घेतला.

त्या पदर ओढण्यानं माझ्या मनात पाल चुकचुकली. रात्री खूप विनवण्या केल्यावर त्यांनी हात लावू दिला. उजव्या स्तनाखाली, बरगडीवर, लिंबाएवढी टणक गाठ होती. स्तन हलवला तरी ती जागची हलत नव्हती. दोन वर्षं होती म्हणे! ‘‘अगं, दुखत न्हाई. आन् असल्या जागेचं कुणाला दाखवायचं?’’

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं. मॅमोग्राफीत काही निघालं नाही आणि घरात सगळ्यांनी देवापुढे साखर ठेवली. पण मॅमोग्राफी बघते स्तन, आणि ही गाठ स्तनात नव्हतीच मुळी. ती होती छातीच्या भिंतीत. सीटी स्कॅन आणि सुईनं तुकडा काढून केलेली तपासणी झाली तेव्हा कळलं, ‘कॉन्ड्रोसार्कोमा’. बरगडीच्या कूर्चेचा कॅन्सर.

छातीच्या भिंतीलाही कॅन्सर होतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. आपण ‘छाती’ म्हटलं की एकतर लाजतो, नाहीतर स्तनांपुरताच विचार करतो. तिच्यामागे बरगड्यांच्या १२ जोड्या, मधलं उरोस्थीचं हाड आणि स्नायू यांचा एक पिंजरा आहे, हृदय आणि फुप्फुसं त्याच्या आसऱ्याला आहेत, हे शाळेत शिकून विसरून जातो. तिथे येणारी प्रत्येक गाठ कॅन्सर नसते, हेही सांगायला हवं. काही साध्या असतात, आपल्याकडे बरगडीचा क्षयही अशा गाठीचं रूप घेतो. काही मात्र स्तनाच्या किंवा फुप्फुसाच्या कॅन्सरमधून तिथे पोचलेल्या असतात. कोणती गाठ कुठली, ते हात लावून ठरत नाही.

वन्संना गावाकडे कुणीतरी सल्ला दिला होता, ‘‘एवढीशी तर आहे, जागा बधिर करून काढून टाकू.’’ नशीब, त्या घाबरून गेल्या नाहीत! तपासणीआधीच अशी गाठ वरवर काढली तर तिचे कण मागे राहू शकतात आणि पुढची शस्त्रक्रिया मोठी होऊन बसते. हा कॅन्सर केमोथेरपीला किंवा रेडिएशनला फारशी दाद देत नाही. भोवतीच्या काही सेंटिमीटर निरोगी भागासकट तो पुरता काढणं, हाच खरा उपाय. वन्संच्या चार बरगड्यांचे तुकडे, त्यावरचे स्नायू आणि स्तनाचा खालचा भाग काढावा लागणार होता.

इथवर सगळ्यांनी मान डोलावली. पण डॉक्टर म्हणाले, ‘‘त्याच वेळी प्लॅस्टिक सर्जन पुढचं काम करतील,’’ आणि माझ्या भाच्याचा चेहरा बदलला. बाहेर आल्यावर म्हणतो, ‘‘मामी, कॅन्सर काढू देत, त्याला पैसा लागंल तेवढा लावू. पण ही प्लॅस्टिक सर्जरी कशाला? आईला काय सिनेमात जायचंय?’’ आणि वन्संनीही त्याचीच री ओढली, ‘‘खरंच की. आता ह्या वयात कुणाला दाखवायचंय?’’

तेच वाक्य! दोन वर्षं गाठ लपवली तीही ‘कुणाला दाखवायचं’ म्हणून, आणि आता उपचार अर्धा सोडायचा तोही ‘कुणाला दाखवायचंय’ म्हणून. मुलगा वाईट नव्हता हो. दोन एकर गहाण टाकायला तो तयार होता. पण बाईच्या छातीची दुरुस्ती म्हणजे नटवेपणा, हे त्याच्याही डोक्यात पक्कं बसलेलं आणि तिच्याही.

डॉक्टरांनी त्याला लोहाराच्या भात्याचं उदाहरण दिलं. भात्याच्या दोन फळ्या ताणल्या की हवा आत येते. आता एका फळीचा मोठा तुकडा कापून तिथे नुसतं फडकं लावलं तर? फळ्या ताणल्या की फडकंच आत ओढलं जाणार, हवा यायची तेवढी येणारच नाही. छातीचंही तसंच. श्वास घेताना बरगड्या वर उचलल्या जातात, पिंजरा फुगतो, फुप्फुसं भरतात. पुढच्या बाजूला तीन-चार बरगड्या गेल्या आणि जागा तशीच मऊ ठेवली तर प्रत्येक श्वासाला ती आत खेचली जाते. माणूस थकतो, कफ सुटत नाही, न्यूमोनिया गाठतो. शिवाय फुप्फुसावर फक्त कातडी राहते. भगदाड ५ सेंटिमीटरहून लहान असेल तर बऱ्याचदा काही करावं लागत नाही. पाठीवर खवाट्याच्या हाडाआड तर त्याहून मोठंही चालून जातं. पण वन्संचं पुढे होतं, आणि तळहाताहून मोठं होतं.

मग करतात काय? हर्नियाला वापरतात तशा जाळीच्या दोन थरांमध्ये हाडांचं सिमेंट भरून छातीच्या गोलाईचा एक तुकडा बनवतात. काही ठिकाणी टायटॅनियमच्या पट्ट्या बसवतात. त्यावर पाठीचा रुंद स्नायू, त्याची रक्तवाहिनी न तोडता, काखेखालून पुढे फिरवून आणतात. जिवंत स्नायूचं पांघरूण नसेल तर आतली जाळी आणि सिमेंट टिकत नाही, पू होतो. यात नट्टापट्टा कुठे आला?

‘प्लॅस्टिक’ या शब्दानंच घोळ केलाय. घडवणं, आकार देणं अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तो आला. आणि ही विद्या आपल्याला परकी थोडीच आहे? टिपूच्या लोकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या बैलगाडीवानाला पुण्याजवळ एका कारागिरानं कपाळाची कातडी वळवून नवं नाक दिलं, ही हकिकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली. १९०६ मध्ये इटलीच्या तान्सिनी या सर्जननी स्तन काढल्यावरची छातीची जखम पाठीच्या स्नायूनं आणि कातडीनं झाकायची रीत मांडली. तत्त्व तेच, जिवंत भाग जिवंत ठेवूनच हलवायचा.

म्हणूनच डॉक्टरांनी वन्संची मिश्री आधी बंद केली. तंबाखूनं रक्तवाहिन्या आकसतात, मग वळवलेल्या स्नायूला रक्त कुठून मिळणार? तीन गोळ्यांचं ते श्वासाचं यंत्र शस्त्रक्रियेच्या आधीपासूनच हातात दिलं. नंतर दुखत असतानाही त्या गोळ्या वर चढवायच्या, खोकायचं, चालायचं. ‘‘तिसरी गोळी काय माझं ऐकत न्हाई,’’ म्हणून वन्सं रोज तिच्याशी भांडायच्या.

आता खरं सांगू? ‘हे सौंदर्यासाठी नाही, श्वासासाठी आहे’ असं मी सगळ्यांना आवाज चढवून पटवलं होतं. पण शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री वन्संनी माझा हात धरून हळूच विचारलं, ‘‘अगं, नंतर ब्लाऊज दोन्ही बाजूनं सारखा बसंल का गं?’’ आणि मला माझीच लाज वाटली. त्यांच्या श्वासासाठी मी भांडले, पण त्यांना सारखं दिसायचंय की नाही, हे मीही विचारलं नव्हतं. सत्तावन्नाव्या वर्षी बाईला आपलं अंग सारखं असावं असं वाटलं, तर त्यात चोरी कसली? पुरुषाचा दात पडला तर तो बसवतो, तेव्हा ‘कुणाला दाखवायचाय’ असं कुणी विचारत नाही.

आज वन्सं बऱ्या आहेत. उजवी बाजू थोडी चपटी आहे, पाठीवर व्रण आहे, घागर उचलताना डावा हात पुढे करतात. दर काही महिन्यांनी तपासणी असते, ती चुकवत नाहीत.

मैत्रिणींनो, आंघोळीच्या वेळी हात फिरवताना फक्त स्तन नव्हे, बरगड्या आणि मधलं हाडही चाचपून बघा. हाडाला चिकटलेली, वाढणारी गाठ असेल तर दुखण्याची वाट बघू नका. तपासणीशिवाय ती कापू देऊ नका, आणि छातीचे सर्जन, प्लॅस्टिक सर्जन, अतिदक्षता विभाग असं सगळं एका छपराखाली असेल तिथेच जा. ‘पुढचं काम’ कसलं, किती, कशासाठी, हे घरातल्या पुरुषांबरोबर बसून स्वतः विचारा.

आणि कुणी ‘या वयात कुणाला दाखवायचंय’ म्हणालं, तर सांगा, आधी डॉक्टरांना. आणि मग आरशात, माझी मला.