शेण विकण्याआधी घरचा हिशेब करा



1981-82 मध्ये राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्प सुरू झाला आणि गावोगाव गोबरगॅसचे खड्डे खोदले गेले. 2016 मध्ये उज्ज्वला योजनेचा सिलिंडर आला. आज कित्येक परसांत गोबरगॅसची टाकी गंजून पडली आहे आणि सिलिंडर संपला की घरची बाई पुन्हा फुंकणी घेऊन चुलीपुढे बसते.

त्यातच आता शेणाला नवे गिऱ्हाईक आले आहे. ऑक्टोबर 2018 पासून केंद्राची ‘सतत’ योजना आहे. शेण, प्रेसमड, नेपियर गवत कुजवून गॅस करायचा, त्यातला कार्बन डायऑक्साइड व गंधकाचा वायू काढून टाकायचा. उरतो तो मुख्यतः मिथेन. सीएनजी तरी दुसरे काय असते? तो दाबाने भरला की गाडी पळते. देशाचा आयात इंधनावरचा भार यातून हलका होईल, यात शंका नाही.

पण आपला हिशेब काय सांगतो? चार-पाच मोठ्या जनावरांचे रोजचे सुमारे 50 किलो शेण आणि तेवढेच पाणी घातले, तर सुमारे दोन घनमीटर गॅस मिळतो. महिन्याला जवळपास पावणेदोन सिलिंडरचे काम होते. थंडीत थोडे कमी धरा.

आणि खरी मेख पुढेच आहे. गॅस निघून गेला तरी नत्र, स्फुरद, पालाश स्लरीतच राहतात. शेण ट्रॉलीत भरून दिले आणि स्लरी परत आली नाही, तर आपण शेण नव्हे, शेताचे खतच विकले, असे समजा. मग त्याच पैशात युरियाची गोणी आणायची का?

म्हणून करार करताना स्लरी किती, कोणत्या भावाने आणि कोणाच्या वाहतूक खर्चाने परत मिळणार, हे लेखी घ्या. नेपियर लावण्याआधी विहिरीचे उन्हाळ्यातले पाणी बघा, गोठ्यातली वैरण बघा.

सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी बंद संयंत्रांची यादी करून ग्रामसभेत ठेवावी. कुठे घुमटाला तडा असतो, कुठे नळीत पाणी साचलेले असते. त्यासाठी जाणता गवंडी पुरतो. जिथे जनावरेच उरली नाहीत, तिथे मात्र हट्ट नको.

जनावरे दारात आहेत, त्यांनी आधी घरची शेगडी पेटवावी. उरलेल्या शेणावर खुशाल गाड्या धावू द्या.