फळ्यावरच्या कॅलरी

पावसाळ्यात आपल्या जोयड्यातले शाळेचे मैदान म्हणजे भाताचा वाफाच. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून तिथे खो-खो नाही, कबड्डी नाही. म्हणून यंदा खेळाच्या सरांनी सभागृहात सर्किट व्यायाम सुरू केला, याचा आम्हा संपादक मंडळाला मनापासून आनंद झाला. भिंतीकडेने आठ जागा आखल्या आहेत. एका जागी बैठका, दुसरीकडे जोर, पुढे मुद्गल, डंबेल, वाळूची पिशवी उचलणे, पायरी चढणे-उतरणे, दोरीच्या उड्या आणि शेवटी कोपरांवर फळीसारखे स्थिर राहणे. अर्धा मिनिट काम, अर्धा मिनिट विश्रांती, अशा तीन फेऱ्या. चोवीस मिनिटांत वर्ग संपतो आणि मुले घामाघूम होतात. इथपर्यंत सारे उत्तम आहे.

आमची तक्रार आहे ती दाराशेजारच्या फळ्याबद्दल. एका हितचिंतकाने मनगटावर बांधायचे तीन डिजिटल पट्टे शाळेला भेट दिले. ते आळीपाळीने मुलांच्या हातावर बांधले जातात आणि वर्ग संपल्यावर ‘आज कोणी किती कॅलरी जाळल्या’ याची यादी नावांसह, क्रमांक लावून फळ्यावर लिहिली जाते. वरच्या नावापुढे दोनशेच्या वरचा आकडा असतो, खालच्यापुढे नव्वद-शंभर. गेल्या महिन्यात सलग तीन वेळा सर्वांत खाली आलेला आठवीतला मुलगा चौथ्या वेळी पोटात दुखते म्हणून वर्गाबाहेर बसला. तो रोज पाच किलोमीटर चालत येतो आणि तितकाच चालत परत जातो. या मुलाला आळशी ठरवणारा आकडा खरा आहे का, एवढेच आम्हाला विचारायचे आहे.

आधी एक साधी गोष्ट. तिन्ही पट्ट्यांत वय, वजन आणि उंची भरलेली आहे ती एकाच प्रौढ माणसाची. पट्टा या हातावरून त्या हातावर जाताना ती कोणी बदलत नाही. म्हणजे अडतीस किलोच्या मुलीने काढलेल्या बैठका सत्तर किलोच्या काकांच्या नावावर जमा होतात. हा दोष उद्या दुरुस्त होईल, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही. खरी अडचण पुढे आहे.

शरीराने किती ऊर्जा खर्च केली हे मोजायचे कसे? सुप्याच्या धरणाखालच्या वीजगृहात पाणी किती पडले आणि किती उंचीवरून पडले ते ठाऊक असते, आणि तयार झालेली वीज मीटरवर दिसते. माणसाच्या अंगाला असा मीटर नाही. तेव्हा शास्त्रज्ञ श्वास मोजतात. अन्नाचे ज्वलन प्राणवायूवर होते आणि शरीराने एक लिटर प्राणवायू वापरला की साधारण ५ किलोकॅलरी (आपण बोलण्यात जिला नुसती ‘कॅलरी’ म्हणतो ती) खर्च होतात. इंग्लंडमधील डग्लस यांनी १९११ साली पाठीवर बांधायची मोठी पिशवी तयार केली. तोंडात नळी, नाकाला चिमटा, सोडलेला सगळा श्वास पिशवीत. मग त्यातील प्राणवायू तपासायचा. आजची यंत्रे मुखवट्यावर चालतात, पण तत्त्व तेच. आपल्याकडे लोणावळ्याला १९२४ साली कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनीही आसने व प्राणायाम असेच प्रयोगशाळेत, उपकरणे लावून तपासायला घेतले होते. व्यायाम मोजण्याचे आम्हाला वावडे नाही, हे यावरून लक्षात यावे.

चालण्या-धावण्याच्या बाबतीत ही रीत चांगली चालते, कारण पाच मिनिटे एकसारखे चालले की शरीर स्थिरावते. वजने उचलताना तसे होत नाही. वाळूची पिशवी उचलायला पहिले काही सेकंद जी ताकद लागते ती स्नायूंत आधीच साठवलेली असते. ती प्राणवायूची वाट पाहत नाही. ते उसने नंतर फेडायचे असते. म्हणूनच जोर संपल्यावर, प्रत्यक्ष काही करत नसताना, आपण धापा टाकतो. आता हिशेब फक्त व्यायामाच्या अर्ध्या मिनिटाचा धरला तर खर्च कमी दिसेल. विश्रांतीचा आणि वर्ग संपल्यानंतरचाही धरला तर वाढेल. त्यातून प्राणवायूविना झालेल्या कामाचा आकडा कसा धरायचा यावर अभ्यासकांतही एकमत नाही. प्रयोगशाळेत मुखवटा लावून जे अवघड जाते ते मनगटावरचा पट्टा कसे करणार?

पट्टा श्वास मोजतच नाही. तो हिरवा प्रकाश टाकून नाडीचे ठोके मोजतो, हाताची हालचाल मोजतो आणि त्यावरून अंदाज बांधतो. नाडी मात्र अनेक कारणांनी पळते. मूठ घट्ट आवळली, श्वास रोखून जोर लावला, हात डोक्यावर नेले की ठोके वाढतात, आणि प्राणवायूचा वापर त्या प्रमाणात वाढत नाही. तेवढाच प्राणवायू वापरणारे काम पायांऐवजी हातांनी केले तरी ठोके जास्त पडतात. सभागृहात उकाडा असला की वाढतात. सगळ्या वर्गासमोर आपले नाव फळ्यावर चढणार या धास्तीनेही वाढत असतील! उलट, पाच किलोचे डंबेल आणि दहा किलोचे डंबेल सारख्याच गतीने हलवले तर पट्ट्याला हालचाल सारखीच दिसते; हातात वजन किती आहे हे त्याला कळायला मार्ग नाही. कोपरांवर स्थिर राहिलेला मुलगा तर त्याच्या लेखी जवळजवळ झोपलेलाच.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली असे सात पट्टे ६० जणांच्या हाताला बांधून पाहिले. नाडी मोजण्यात सातपैकी सहा पट्टे ठीक निघाले. त्यांची चूक ५ टक्क्यांच्या आत होती. कॅलरींच्या बाबतीत मात्र सर्वांत चांगला पट्टा सरासरी २७ टक्के चुकला आणि सर्वांत वाईट ९३ टक्के. तिथे तपासलेल्या हालचाली चालणे, धावणे, सायकल अशा सरळ होत्या. आपल्या मुद्गल-डंबेलांचे काय होत असेल ते ज्याचे त्याने ठरवावे.

दहावीच्या विद्यार्थ्यांनी हा हिशेब स्वतः करून पाहावा. दहा किलोची पिशवी अर्धा मीटर वर, पंधरा वेळा. भौतिकशास्त्राच्या पुस्तकाप्रमाणे काम झाले ७३५ ज्यूल, म्हणजे पाव किलोकॅलरीपेक्षाही कमी. स्नायू आपल्या खर्चाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढेच काम बाहेर देतात आणि बाकीची उष्णता होते, हे धरले तरी एक किलोकॅलरी होत नाही. आणि पिशवी छातीशी धरून नुसते उभे राहिले तर पुस्तकी काम शून्य. हात मात्र थरथरू लागतात, कारण धरून ठेवण्यालाही खर्च आहे. खाली ठेवण्याला आहे, स्वतःचे अंग तोलण्याला आहे, आणि काहीच न करता जिवंत राहण्यालाही आहे.

सगळ्याची बेरीज म्हणून अभ्यासकांनी निरनिराळ्या कामांची कोष्टके केली आहेत. त्यात बसून राहण्याचा खर्च १ धरला तर मध्यम जोराचे सर्किट ४.३ येते आणि विश्रांती फार न घेता केलेले दमछाकीचे सर्किट ८ येते. आकडे प्रौढांचे आहेत, आणि मुलांचा बसल्या जागीचा खर्चही किलोमागे प्रौढांहून अधिक असतो. तरी अंदाजापुरते घेऊ. ४५ किलोच्या मुलाचे आपले चोवीस मिनिटांचे मध्यम सर्किट होते सुमारे ७७ किलोकॅलरीचे. फारच जोर केला तर १४४. विजेच्या भाषेत ७७ म्हणजे ९ वॅटचा एलईडी दिवा दहा तास. कोष्टकावरूनच एकाच वर्गाचा खर्च दुप्पट-निम्मा होऊ शकतो, तर फळ्यावर १८७ आणि १९३ मध्ये क्रमांक कसा लावायचा?

त्याच कोष्टकात सपाटीवरचे मध्यम गतीचे चालणे ३.५ आहे. पाच किलोमीटरला तासाहून थोडे अधिक धरा. त्याच ४५ किलोच्या मुलाचे एका वेळचे १६० च्या वर, जाऊन-येऊन ३३० च्या आसपास. आपल्या तालुक्यात पाच किलोमीटर सपाट रस्ता कुठे आहे ते कोणी दाखवून द्यावे. चढाचे, चिखलाचे आणि पाठीवरच्या दप्तराचे वेगळे. म्हणजे जो मुलगा फळ्यावर शेवटचा होता, तो सभागृहाच्या दारात पाऊल ठेवण्याआधीच त्या वर्गाच्या दुप्पट खर्च करून आलेला असतो आणि घरी पोचेपर्यंत चौपट. त्याच्या हातावर पट्टा होता तो फक्त चोवीस मिनिटे.

दुसरा एक शोध आम्हाला फार आवडतो. १९८६ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आफ्रिकेतल्या ओझी वाहणाऱ्या स्त्रियांवर लेख आला. या स्त्रिया आपल्या वजनाच्या पाचव्या भागाएवढे ओझे घेऊन चालल्या, तरी त्यांचा प्राणवायूचा वापर रिकाम्या चालण्याइतकाच राहिला. पुढे २००५ मध्ये नेपाळी हमालांच्या मोजणीतही ओझ्याच्या मानाने खर्च फार कमी दिसला. सरावाने आलेल्या चालीने शरीर काटकसर शिकते. आपल्याकडे चुंबळीवर घागर घेऊन किंवा गवताचा भारा घेऊन उतरणाऱ्या कुंबी बायकांची मोजणी कोणी केल्याचे आमच्या वाचनात नाही, पण त्यांची चाल आपण सारेच पाहतो. त्यांच्या हातावर पट्टा बांधला आणि आकडा कमी आला, तर त्या कमी कष्ट करतात म्हणायचे की जास्त कसबी आहेत म्हणायचे? सरावलेला मुलगा तीच फेरी पुढे पुढे कमी धापा टाकत करतो. कॅलरीच्या फळ्यावर त्याचा क्रमांक त्यामुळे खाली जातो. शिकल्याबद्दल शिक्षाच ही!

सर्किटची मूळ कल्पना १९५३ साली इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात मॉर्गन आणि अ‍ॅडमसन यांनी मांडली. त्यांच्या पद्धतीत प्रत्येकाला आधी त्याची स्वतःची कमाल विचारत, तिच्या निम्मे त्याला रोज देत आणि तेवढेच काम तो किती लवकर पुरे करतो ते पाहत. तुलना स्वतःच्या मागच्या आठवड्याशी. तालमीतले वस्तादही किती जोर मारले ते मोजत, उष्मांक विचारीत नसत. ज्या कोल्हापूरच्या तालमींनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकचे कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव पाहिले, त्या अशाच मोजणीवर चालत आल्या.

आता पालकांशी थोडे, विशेषतः मुलींच्या पालकांशी. ‘जाळल्या’ हा शब्द आम्हाला खुपतो. दुपारच्या आहारात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी ७०० किलोकॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने असावीत असे सरकारी प्रमाण आहे. आपल्यातली कित्येक मुले वाढीच्या वयात वजनाने कमीच आहेत. त्यांनी जाळायचे नसून साठवायचे आहे. तरीही सातवी-आठवीच्या दोन-तीन मुलींनी भात अर्ध्यावर आणल्याचे जेवण वाढणाऱ्या मावशींनी आम्हाला सांगितले, आणि कारण विचारता फळ्यावरचा आकडा सांगितला. हे ऐकल्यावर हा लेख लिहायचे ठरले. वजनाचा व्यायाम मुलींनी जरूर करावा. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. पण त्या दिवशी भाकरी एक जास्त हवी, कमी नव्हे.

पट्टे अडगळीत टाकावेत असे आम्ही म्हणत नाही. ते विज्ञानाच्या प्रयोगशाळेत द्यावेत. एकाच मुलाच्या दोन्ही हातांना दोन पट्टे बांधून दोन आकडे का येतात ते मुलांनी शोधावे. एका हातात डंबेल, एक हात रिकामा, असेही करून पाहावे. व्यायामवर्गात प्रत्येकाने एक चाळीस पानी वही ठेवावी. तीत किती वेळा उचलले, फेरी किती वेळात झाली आणि वर्ग संपल्यावर एका मिनिटाने नाडीचे ठोके किती, एवढे तीन आकडे पुरेत. नाडी मनगटावर दोन बोटे ठेवून मोजता येते, त्याला भेटवस्तू लागत नाही. वही दुसऱ्याने उघडू नये.

विश्वस्त मंडळापुढे आणखी बारा पट्टे विकत घेण्याचा विषय येत आहे असे कळते. त्या पैशांत सभागृहाच्या फरशीवर चार जाड सतरंज्या येतील, ओल्या फरशीवर जोर मारताना हात घसरतो तो थांबेल. आणि उरलेल्यात वर्गाच्या दिवशी प्रत्येकाला पेलाभर नाचणीची आंबील व मूठभर शेंगदाणे मार्चपर्यंत देता येतील. आंबील करण्याची तयारी दोन माता-पालकांनी दाखवली आहे, नाचणी देणारेही आहेत. बैठक पुढच्या शनिवारी दुपारी तीन वाजता आहे. तोपर्यंत फळा पुसून ठेवावा आणि त्यावर बसची वेळ लिहावी, म्हणजे दूरच्या मुलांना पावसात फाट्यावर उगाच उभे राहावे लागणार नाही.