व्हॅनिला बदलताना

केकचे मिश्रण तयार, ओव्हन तापलेला आणि इसेन्सची बाटली रिकामी! गोंधळू नका. व्हॅनिलाचा दुसरा कोणताही प्रकार चालेल, फक्त प्रमाण सांभाळा.

कृतीत १ लहान चमचा अर्क सांगितला असेल, तर त्याऐवजी तितकीच व्हॅनिला पेस्ट घ्या. शुद्ध व्हॅनिला पावडर अर्धा चमचा पुरते. ती मैद्याबरोबर चाळा. शेंग असेल तर अर्धी शेंग चिरून आतले दाणे खरवडून घाला. बाजारातला कृत्रिम इसेन्स उग्र असतो, म्हणून आधी अर्धाच चमचा घाला. जास्त झाल्यास केक कडवट लागतो.

व्हॅनिलाचे फूल जेमतेम एक दिवस उमलते आणि परागीकरण हाताने करावे लागते. म्हणूनच खरा अर्क महाग. तो कस्टर्ड, आइस्क्रीमसाठी राखून ठेवा आणि भांडे आचेवरून उतरवल्यावरच घाला. केक-बिस्किटांना इसेन्स पुरेसा आहे, कारण ओव्हनच्या उष्णतेत अर्काचा नाजूक सुगंध बराचसा उडून जातो.

अर्कात मद्यार्क असतो. घरी तो वर्ज्य असेल, तर पावडर किंवा शेंग वापरा. रिकामी शेंग मात्र फेकू नका. साखरेच्या बरणीत खोचा. पंधरा दिवसांत साखर सुगंधी होईल.