ट्रेकच्या पिशवीत काय हवे, काय नको

पावसाळा सुरू झाला की शनिवार-रविवारच्या पहाटे कसारा, कर्जत, लोणावळ्याकडे जाणाऱ्या गाड्यांत पाठपिशव्यांची गर्दी दिसू लागते. अलीकडे त्या पिशव्यांत ऑनलाइन मागवलेले ‘सर्व्हायव्हल किट’ही असते. त्यात होकायंत्र, चकमक, तारेची करवत आणि कधी कधी सापाचे विष ओढून काढणारा पंपही निघतो. त्याच पिशवीत पाणी मात्र एक लिटर, आणि उजेडासाठी फक्त मोबाइल! अशा किटवर पैसे घालवण्याआधी, सह्याद्रीत माणूस नेमका कशामुळे अडचणीत येतो, ते पाहायला हवे.

उन्हाळ्यात पहिली अडचण पाण्याची. घामावाटे पाण्याबरोबर क्षारही जातात. म्हणून दिवसभराच्या चढाईला माणशी किमान तीन लिटर पाणी आणि ओआरएसची पाकिटे हवीत. पाकिटावर जेवढे पाणी लिहिले असेल, तेवढ्यातच ती पावडर विरघळवावी. घोटभर पाण्यात घट्ट करून पिऊ नये. कोणी असंबद्ध बोलू लागला तर तो उष्माघात असू शकतो. त्याला बळेच पाणी पाजू नका. सावलीत आणा, अंग ओले करा, वारा घाला आणि मदत बोलवा.

पावसाळ्यात उलटे होते. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. ओले कपडे आणि माथ्यावरचा वारा एकत्र आले की जुलैतही माणूस थंडीने गारठतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेला कोरड्या कपड्यांचा जोड अशा वेळी महागड्या जॅकेटइतकाच मोलाचा ठरतो.

आता सापाविषयी. पंप, ब्लेड आणि आवळायची दोरी या तिन्ही गोष्टी घरीच ठेवा. पंपाने विष निघत नाही. कापल्याने जखम वाढते, तर घट्ट बांधल्याने रक्तपुरवठा तुटून तो अवयव गमवावा लागू शकतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषावर उपाय एकच, प्रतिविष. त्याची तीव्र रिअॅक्शन येऊ शकते, म्हणून ते रुग्णालयात डॉक्टरांच्या देखरेखीखालीच शिरेतून देतात. ते पिशवीत नेऊन उपयोग नाही. दंश झालेला हात किंवा पाय काठीच्या आधाराने, न आवळता स्थिर ठेवा आणि रुग्णाला चालू न देता खाली आणा. घोणस, फुरशाच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, म्हणून दुखते म्हणून अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नका.

म्हणजे सर्पदंशावरची खरी तयारी पिशवीत मावणारी नाही. प्रतिविष जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात मिळते, पायथ्याच्या गावात गाडी कोणाकडे आहे, हे निघण्यापूर्वी फोन करून विचारावे लागते. ट्रेकचे पैसे घेणाऱ्या आयोजकालाही हा प्रश्न विचारा. उत्तर नसेल तर दुसरा आयोजक शोधा.

याशिवाय स्वतंत्र टॉर्च, शिटी, क्रेप बँडेज, जखमेवर दाबून धरायला स्वच्छ गॉज आणि स्वतःची रोजची औषधे एवढे पुरे. मधमाशी चावून पूर्वी कधी श्वास अडकला असेल, तर जाण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्या. वाट चुकलात तर मिनिटाला सहा वेळा शिटी वाजवा, एक मिनिट थांबा, पुन्हा वाजवा. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी ११२ लावून पाहा. दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरूनही तो लागू शकतो. रुग्णवाहिकेसाठी १०८ आहेच.

‘आम्ही इतकी वर्षे काहीच न नेता गेलो,’ असे जुने भटके म्हणतात. खरे आहे. पण त्यांच्याबरोबर बहुतेकदा गावातला वाटाड्या असे. वाट, पाणी आणि खाली धावत जाऊन माणसे आणणे, हे सारे तोच पाहत असे. आज आपण मोबाइलवरचा नकाशा पाहून निघतो, तेव्हा ती जबाबदारी आपल्यावर येते.

आदल्या रात्री पिशवी जमिनीवर रिकामी करा. अंधारात, ओल्या हातांनी जी वस्तू वापरता येणार नाही, ती वापरायला शिका किंवा काढून ठेवा. आणि कोणत्या गडावर, कोणत्या वाटेने जाणार, किती वाजेपर्यंत परतणार, हे एका कागदावर लिहून घरच्यांच्या हाती द्या.