आवाज अडतो कुठे?

लॅमिंग्टन रोडवरून आणलेले सुटे भाग मुलुंडच्या किंवा बोरिवलीच्या घरात टेबलावर मांडून दोन-तीन तासांत संगणक उभा करणारे कारागीर उपनगरांत आजही आहेत. बोरिवलीचा माणूस थेट ग्रँट रोडला उतरतो, मुलुंड-घाटकोपरचा दादरला गाडी बदलतो आणि येताना कॅबिनेटचं खोकं गर्दीतून सांभाळत आणतो. एवढ्या खटाटोपानंतर यंत्र सुरू होतं, पडदा उजळतो, विंडोजही चढतं. मग घरातलं कोणीतरी गाणं लावतं आणि स्पीकर मुके.

अशा वेळी हात सवयीनं खिशातल्या पेनड्राइव्हकडे जातो. त्यात कधीकाळी भरून ठेवलेला सगळ्या ड्रायव्हरांचा गठ्ठा असतो. तो चालवायचा, नाही जमलं तर फॉरमॅट मारून पुन्हा विंडोज टाकायचं, तेही फसलं तर बोर्डावर खापर फोडायचं. व्यवसायबंधूंना या मासिकाचं कळकळीचं सांगणं आहे, की हा क्रम उलटा आहे. आवाज नेमका कुठे अडला, हे आधी शोधायला हवं.

ही सवय लागण्यामागे कारण होतं. साउंड ब्लास्टर १६ च्या काळात, म्हणजे १९९२ नंतर, कार्डाला कुठला इंटरप्ट आणि कुठला डीएमए द्यायचा हे हातानं ठरवावं लागे. पुढे १९९७ मध्ये एसी ९७ आलं, २००४ मध्ये इंटेलचं हाय डेफिनिशन ऑडिओ आलं. विंडोज एक्सपीवर तर रियलटेकच्या आधी मायक्रोसॉफ्टचा वेगळा बस ड्रायव्हर टाकावा लागे. क्रम चुकला की आवाज गेलाच. तेव्हा सीडीचं पाकीट जवळ बाळगणं शहाणपणाचं होतं. आजच्या विंडोजकडे मात्र स्वतःचा साधा ऑडिओ ड्रायव्हर असतो आणि बहुतेक बोर्डांवर तो निदान आवाज तरी काढून देतो. तरीही शांतता असेल, तर दोष बऱ्याचदा दुसरीकडेच असतो.

सर्वांत जास्त चकवतो तो मॉनिटर. तो एचडीएमआयनं जोडलेला असला, की ग्राफिक्सचा ड्रायव्हर स्वतःचं ऑडिओ उपकरणही मांडतो. विंडोज कधीकधी त्यालाच मुख्य धरतं आणि आवाज स्पीकर नसलेल्या मॉनिटरकडे निघून जातो. खाली उजव्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावरून आउटपुट बदललं, की काम झालं. एवढ्यासाठी फॉरमॅट मारणं म्हणजे गिऱ्हाइकाचा वेळ आणि आपली पत दोन्ही घालवणं.

तिथे उत्तर नसेल, तर चिपलाच नाव विचारावं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह असलेल्या उपकरणाच्या ‘डिटेल्स’मध्ये हार्डवेअर आयडी दिसतो. ‘व्हेन’ या अक्षरांपुढे १०ईसी असेल तर रियलटेक, १०डीई म्हणजे एनव्हिडिया, १००२ म्हणजे एएमडी आणि ८०८६ म्हणजे इंटेल. १९७८ च्या त्या प्रसिद्ध प्रोसेसरचाच हा आकडा. नाव कळल्यावर बोर्डाच्या कंपनीच्या पानावरून आधी चिपसेटचा, मग ऑडिओचा ड्रायव्हर घ्यावा. यादीत ऑडिओ उपकरणच नसेल, तर बायोसमध्ये ते बंद आहे का ते पाहावं. पेनड्राइव्हवरून उबुंटू लावून तिथे आवाज आला, तर बोर्ड निर्दोष आहे.

कॅबिनेटच्या पुढच्या जॅकचा प्रश्न वेगळा आणि तो डोळ्यांनी पाहण्याचा आहे. बोर्डाच्या मागच्या कडेला, हिरव्या-गुलाबी-निळ्या जॅकजवळ, नखाएवढी काळी चिप असते. रियलटेकची असेल तर तिच्यावर बारीक खेकडा दिसतो. तिथून जवळच पिनांच्या दोन रांगा असतात. दहाव्या पिनेपर्यंत मोजलं तर आठवी जागा रिकामी. कॅबिनेटमधून येणारी वायर तिथे बसते. जुन्या कॅबिनेटच्या वायरीला एचडी ऑडिओ आणि एसी ९७ अशी दोन टोकं असतात आणि घाईत दुसरं लागतं. मग हेडफोन लावल्याचं बोर्डाला कळतच नाही. मागून आवाज येतो, पुढून नाही, आणि बिचारा ड्रायव्हर तीनदा काढून घातला जातो.

उपनगरांतल्या जुन्या इमारतींत आणखी एक तक्रार येते, सतत घुमणाऱ्या आवाजाची. सोबत कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंग नीट नाही असं समजावं. ते काम इलेक्ट्रिशियनचं आहे आणि घरच्यांना तसं स्पष्ट सांगणं हे आपलं कर्तव्य आहे.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुनी यंत्रं बदलून घेणाऱ्यांत आता आजी-आजोबाही असणार, आणि त्यांना संगणक हवा असतो तो अमेरिकेतल्या नातवाशी बोलायला. म्हणून घर सोडण्यापूर्वी मागचा जॅक, पुढचा जॅक आणि माइक तिन्ही तपासावेत. माइकमध्ये त्यांनाच दोन वाक्यं बोलायला सांगून ती परत ऐकवावीत. बिलाच्या मागे बोर्डाचं मॉडेल, ऑडिओ चिपचं नाव आणि ड्रायव्हरची आवृत्ती लिहून द्यावी. उद्या एखाद्या अपडेटनं ड्रायव्हर बदलला आणि आवाज गेला, तर अंधेरीच्या आजोबांना तो कागद फोनवर वाचून दाखवता येईल आणि आधीचा ड्रायव्हर परत कसा आणायचा, ते तिथल्या तिथे सांगता येईल.