टाकी झाली, पाणी कुठे अडले?

खाचराची बांधबंदिस्ती मे महिन्यातच उरकली म्हणून कळंबात लावणी लवकर होते का? राबातले रोप एकवीस-पंचवीस दिवसांचे होईतो चिखलात उतरून उपयोग नाही. बांधाचे काम चार दिवस रेंगाळले तर चालते, पेरा आठ दिवस लांबला की लावणीही तेवढीच लांबते. योजनेच्या वेळापत्रकात अशा कामांच्या साखळीला 'क्रिटिकल पाथ' म्हणतात. अमेरिकेत १९५७ च्या सुमारास ड्यू पाँट कंपनीत हा हिशेब बसवला गेला. आपल्याकडे तो अजून ठेकेदाराच्या फायलीतच!

वसई-विरार आणि मिरा-भाईंदरसाठी रोज ४०३ दशलक्ष लिटर पाण्याची सूर्या योजना घ्या. नळ कितीही मैल पुरले तरी मेंढवणखिंड आणि तुंगारेश्वरचा डोंगर पोखरल्याशिवाय ते एकमेकांना मिळणार नव्हते.

आता गावची गोष्ट. समजा, टाकीला १२० दिवस, नळाला ९०. रस्ता ओलांडायची परवानगी ६० दिवसांत, त्यानंतर ते खोदकाम २०. शेवटी चाचणी १५. सगळे मिळून १३५ दिवस, आणि अडसर टाकीचा. परवानगी महिनाभर लांबली तरी ९० आणि २० मिळून ११०, म्हणजे बिघडत नाही. पण तीच तीन महिने लांबली तर १५० आणि २० म्हणजे १७० दिवस. टाकी कधीच उभी, तरी पाणी ५० दिवस उशिरा! अडसर टाकीवरून कागदावर गेला, हे कुणी पाहिलेच नाही, कारण फलकावर 'काम ८० टक्के पूर्ण' असे रंगवलेले असते. टक्क्यांवर बिल निघते, पाणी नाही.

म्हणून सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि पाणी समितीने दर महिन्याला वेळापत्रक मागून घ्यावे. कुठल्याही कामात दहा दिवस वाढवून पाहावे. शेवटची तारीख पूर्ण दहा दिवसांनी हलली तर ते काम साखळीतले. एकही काम वाढवून तारीख हलत नसेल, तर कामे एकमेकांना जोडलेलीच नाहीत, नुसत्या तारखा लिहिल्यात. आमच्या मते खरी लबाडी इथेच असते. पावसाचे चार महिने धरलेत का, तेही बघा.

'हर घर जल'ची मुदत २०२४ वरून २०२८ वर गेली आहे. तुमच्या योजनेत आज कोणते काम अडले आहे आणि ते कोणाच्या टेबलावर आहे, हे पुढच्या ग्रामसभेत विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.