दुसरी संधी कोणाची?

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. वडील गवंडीकाम करतात. दाढेत लवंग धरून रात्र काढणारी आजी लहानपणापासून पाहिली, म्हणून दातांची डॉक्टर व्हायचे ठरवले होते. बारावीनंतर ‘नीट’ दिली. बीडीएसला प्रवेश मिळाला नाही. वडील मला शहरातल्या एका क्लासमध्ये घेऊन गेले. रिपीटर बॅचची फी आणि राहण्याजेवण्याचा खर्च त्यांनी मुकाट्याने ऐकून घेतला. बाहेर आल्यावर एवढेच म्हणाले, “धाकट्याचंही बघायचंय, बाई.” मी कला शाखेचा अर्ज भरला.

हे रडगाणे नव्हे. मला एक प्रश्न विचारायचा आहे. ‘नीट’ कितीही वेळा देता येते. वयाची कमाल मर्यादाही २०२२ मध्ये उठली. म्हणजे दार पुन्हा ठोठावायला मनाई नाही. पण ते वर्षभर ठोठावणाऱ्याला पोसायचे कोणी? ७२० पैकी किती गुण मिळाले हे गुणपत्रिका सांगते. पाया कुठे कच्चा राहिला आणि तो कसा भरून काढायचा, हे मात्र फी भरली तरच कळते.

अमेरिकेत दंतवैद्यकाचे शिक्षण बहुधा पदवीनंतर सुरू होते. तेथील सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या दंत महाविद्यालयाने १९९८ साली, प्रवेश नाकारलेल्या वंचित घरांतील विद्यार्थ्यांसाठी एक वर्षाचा उपक्रम सुरू केला. विज्ञानाचे विषय, प्रवेश परीक्षेची तयारी, अर्ज नव्याने लिहिणे, मुलाखतीचा सराव, हे सारे त्यात आले. अमेरिका म्हणजे स्वर्ग नव्हे. भरमसाट फी घेणारे असे अभ्यासक्रम तेथेही आहेत. पण दंत महाविद्यालयानेच नाकारलेल्यांना हात द्यावा, हा विचार मला मोलाचा वाटतो.

आपल्याकडे काहीच नाही असे नाही. ‘महाज्योती’ ही संस्था दहावी झालेल्या इतर मागास व भटक्या-विमुक्त समाजांतील मुलांना ‘नीट’चे मोफत प्रशिक्षण देते. ते स्तुत्यच आहे. परंतु ठेच लागते ती बारावीनंतर! मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. थोडक्यात प्रवेश हुकलेली गरीब घरची तीस-तीस मुले त्यांनी वर्षभर सांभाळली, वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी त्यांना शिकवले, तर काय बिघडेल?

कोणी म्हणेल, जागा तेवढ्याच. एकाला मिळाली की दुसऱ्याची गेली. खरे आहे. जागा वाढणार नाहीत. पण त्या कोणाला मिळाव्यात हे बापाच्या खिशाने ठरू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

आज मी अर्थशास्त्र शिकते आणि ते मला मनापासून आवडते. माझे कोणाशी भांडण नाही. धाकटा यंदा बारावीला आहे. न जाणो, त्याचाही प्रवेश हुकला तर, म्हणून वडील दर आठवड्याच्या मजुरीतून थोडे पैसे बाजूला टाकत आहेत. ते पाहून मला आनंद होतो आणि थोडे दुखतेही. आपल्या वर्गांत माझ्यासारख्या कितीजणी असतील? मित्रमैत्रिणींनो, निदान आपल्या वादविवाद मंडळात तरी हा विषय निघावा.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला